अठरा लिटरचं कॅबिनेट आणि ७८ मिलिमीटर जाडीचं कार्ड

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या एका वाचकाचा पीसी सध्या मोठ्या टॉवरमध्ये आहे: रायझेन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, त्यावर नॉक्टुआचा एनएच-डी१५ कूलर, एमएसआयचं आरटीएक्स ४०९० सुप्रिम एक्स ग्राफिक्स कार्ड आणि ८५० वॅटचा नेहमीच्या एटीएक्स आकाराचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). कामामुळे अधूनमधून मुक्काम हलतो, म्हणून त्यांनी कूलर मास्टरचं एनआर२००पी हे अठरा लिटरचं कॅबिनेट आणि एक मिनी-आयटीएक्स, म्हणजे छोट्या आकाराचा, मदरबोर्ड घेऊन ठेवलाय. दिवसा ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये रेंडरिंग, रात्री गेम. त्यांचं विचारणं: यातलं काय बसेल, काय खटपट करून बसवता येईल आणि काय विकून मोकळं व्हावं?

आधी सरळ उत्तर देतो. प्रोसेसर, एसएसडी आणि नवा मदरबोर्ड बसतील. रॅमबद्दल पुढे सांगतो. एसएमपीएस बसणार नाही. कूलर बसणार नाही. कार्ड आहे तसं बसणार नाही. पण हे तीन नकार एका जातीचे नाहीत. एसएमपीएसचा नकार पैसे टाकले की सुटतो. कूलरची अडचण प्रोसेसरचे वॅट कमी केले की जवळजवळ उरतच नाही. कार्डाचा नकार मात्र सगळ्या बिल्डचं स्वरूप ठरवतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

एनआर२००पीमध्ये कार्डासाठी ३३० मिमी लांब, १५६ मिमी उंच आणि ६० मिमी जाड एवढी जागा आहे. तुमचं कार्ड ३३६ × १४२ × ७८ मिमी. बहुतेकांची नजर आधी लांबीवर जाते, कारण सहा मिलिमीटर हा आकडा मोहात पाडतो. पुढची चौकट जरा कापली की झालं, असं वाटतं, आणि लांबीपुरतं ते खोटंही नाही. पुढचं पॅनेल आणि पत्र्याची चौकट यांच्यामध्ये सहा मिलिमीटर काढता येतात. खरं दुखणं जाडीचं आहे. एक स्लॉट, म्हणजे कॅबिनेटच्या मागची एका कार्डाची जागा, २०.३२ मिमी, तीन स्लॉट म्हणजे साधारण ६१. या कॅबिनेटला मागे तीनच स्लॉट आहेत, आणि तीन स्लॉटच्या कार्डाखाली जी फट राहते ती १५ मिमी जाडीच्या पातळ पंख्यांपुरती. तुमचं कार्ड ती फट खाऊन थेट तळाच्या जाळीवर टेकेल. रेटून बसवलंच, तर त्याचे तिन्ही पंखे जाळीला चिकटलेले राहतील आणि श्वास घ्यायला त्यांना खाली जागाच नसेल. पत्रा कापून लांबी वाढते, जाडी नाही, कारण वरून स्लॉटची जागा मदरबोर्डाने पक्की केलेली असते आणि खालून टेबल असतं.

तिसरं माप उंचीचं. ते फार कमी लोक बघतात आणि छोट्या कॅबिनेटमध्ये सगळ्यात जास्त दगा तेच देतं. पीसीआय एक्स्प्रेसच्या मानकानुसार पूर्ण उंचीचं कार्ड १११.१५ मिमीचं असतं. तुमचं १४२ म्हणजे बाजूच्या पॅनेलच्या दिशेने तीस मिलिमीटर बाहेर आलेलं. १५६ मधून १४२ वजा केले की उरतात १४ मिमी, आणि त्या चौदामध्ये सोळा पिनांचा वीज कनेक्टर, त्याची केबल आणि तिचं वळण बसवायचं आहे. या कनेक्टरची केबल पहिले ३५ मिमी तरी सरळ जाऊ द्यावी, त्याआधी मुरडू नये, असा शिरस्ता आहे. कनेक्टर कार्डाच्या कडेपासून थोडा आत बसवलेला असला तर काही मिलिमीटर सूट मिळते, पण ३५ आणि १४ यांच्यातली तफावत त्याने भरून निघत नाही.

हे मी उगाच घाबरवण्यासाठी सांगत नाही. आरटीएक्स ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आलं आणि काही आठवड्यांतच कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे कारण एनव्हिडियाने तेव्हा पुढे केलं. पुढे मानकात सुधारणा होऊन १२व्ही-२×६ नावाचा कनेक्टर आला. त्यात जोडणी ओळखणाऱ्या चार बारीक पिना आखूड केल्या आहेत, म्हणजे प्लग अर्धवट बसला तर कार्डाला वीज मिळूच नये. तुमच्या कार्डावर बहुधा आधीचाच कनेक्टर असणार. म्हणून बाजूच्या पॅनेलने दाबून केबल वाकवणं हा प्रकार इथे अजिबात नको. "काटकोनी अडॅप्टर लावतो" असं तुम्ही म्हणाल. केबल बनवणाऱ्या केबलमॉड कंपनीने आपले कोनातले अडॅप्टर डिसेंबर २०२३ मध्ये परत मागवले होते, आणि असे अडॅप्टर छोट्या कॅबिनेटवाल्यांनाच जास्त मोहात पाडतात. मी अडॅप्टरऐवजी एसएमपीएसच्या कंपनीचीच, किंवा त्या एसएमपीएससाठीच बनवलेली, एका अखंड तुकड्याची केबल वापरतो. जोड जितके कमी तितकं बरं.

तर आता तीन वाटा आहेत, आणि कुठली धरायची ते तुमच्या कामावर ठरेल. ब्लेंडरमधले तुमचे सीन किती मेमरी खातात? ते बारा-चौदा जीबीमध्ये मावत असतील तर कार्ड बदलणं शहाणपणाचं. ते १६ जीबीच्या वर जात असतील तर ४०९० ची २४ जीबी मेमरी हीच तुमची खरी मालमत्ता आहे. ती सोडून फक्त आकारासाठी १६ जीबीचं कार्ड घेतलं तर कार्डात न मावलेला भाग मदरबोर्डावरच्या रॅममध्ये जातो आणि रेंडरचा वेग कोसळतो. रेंडर चालू असताना ब्लेंडर मेमरीचा आकडा स्वतःच दाखवतो. तुमचा सगळ्यात जड सीन उघडा आणि तो आकडा टिपून घ्या. पुढचा निर्णय त्या आकड्याशिवाय घेऊ नका.

सीन मोठे असतील, तर माझा सल्ला तुम्हाला आवडणार नाही: कॅबिनेट बदला. तिन्ही अडलेल्या वस्तूंपेक्षा कॅबिनेट स्वस्त आहे, आणि हौसेच्या भरात हीच गोष्ट नेमकी विसरली जाते. लिआन ली आणि डॅन केसेस यांचं ए३-एमएटीएक्स हे २६.३ लिटरचं कॅबिनेट २०२४ मध्ये आलं. त्यात ४१५ मिमीपर्यंतचं कार्ड, १६५ मिमीपर्यंतचा कूलर आणि एटीएक्स आकाराचा एसएमपीएस चालतो. मागे चार स्लॉट आहेत, म्हणजे ७८ मिमीच्या कार्डाला ८१ मिमीची जागा. आठ लिटर वाढतात, पण हातात धरून गाडीच्या सीटवर ठेवता येईल एवढंच ते राहतं. एक खाच मात्र आहे. डी१५ त्यात उंचीला काटोकाट बसतो, पण रुंदीला तो १५० मिमी आहे, आणि मिनी-आयटीएक्स मदरबोर्डावर ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट प्रोसेसरच्या इतका जवळ असतो की अनेक बोर्डांवर डी१५ची कड कार्डाच्या पाठीवर आपटते. नॉक्टुआने एका बाजूला सरकवलेला डी१५एस काढला तो याच कारणासाठी. तुमच्या बोर्डाचं नाव नॉक्टुआच्या सुसंगतता यादीत टाकून बघा. एसएमपीएस १४० मिमी लांबीचा असेल तर उत्तम. त्याहून लांब असला तर पुढच्या बाजूला कार्डाशी जागेची झटापट होते.

सीन लहान असतील आणि अठरा लिटरच हवे असतील, तर कार्ड बदला. इथे बाजार आता बराच सोपा झालाय. जून २०२४ मध्ये कॉम्प्युटेक्स या संगणक प्रदर्शनाच्या सुमारास एनव्हिडियाने छोट्या कॅबिनेटसाठी एक माप जाहीर केलं: कार्ड ३०४ मिमीपेक्षा लांब नको, केबलच्या वळणासकट १५१ मिमीपेक्षा उंच नको आणि ५० मिमीपेक्षा, म्हणजे अडीच स्लॉटपेक्षा, जाड नको. त्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते "केबलच्या वळणासकट" हे. इतकी वर्षं कार्ड बनवणारे आपापली मापं केबल वगळून छापायचे आणि कॅबिनेट बनवणारे काहीतरी गृहीत धरायचे. मधला फरक शेवटी पॅनेल लावताना कळायचा. या मापात बसणारी कार्डं एसएफएफ-रेडी म्हणून विकली जातात. एसूसचं प्राइम आरटीएक्स ५०७० टीआय त्यातलंच, ३०४ × १२६ × ५० मिमी, आणि मेमरी १६ जीबी. जुन्या साठ्यातलं किंवा वापरलेलं चालत असेल तर एसूसचं प्रोआर्ट आरटीएक्स ४०८० सुपर ३०० × १२० × ५० मिमीचं आहे. तेही एनआर२००पीमध्ये आरामात बसतं आणि त्याच्या पंख्यांना खाली श्वासही घेता येतो.

एनव्हिडियाचं स्वतःचं ५०९० फाउंडर्स एडिशन याहून पातळ आहे, फक्त दोन स्लॉटचं, ३०४ × १३७ मिमी, वर ३२ जीबी मेमरी. मापांवरून ते छोट्या कॅबिनेटसाठीच बनवल्यासारखं दिसतं. पण ते ५७५ वॅट ओढतं. ते सगळे वॅट त्या अठरा लिटरमध्येच उष्णता होऊन बाहेर पडायचे आहेत, आणि तुम्ही नागपूरला आहात. मला विचाराल तर मोठ्या आकाराच्या भागांत वॅटही धरायला हवेत. मिलिमीटर फूटपट्टीवर दिसतात, वॅट उन्हाळ्यात.

तिसरी वाट हौशी लोकांची: कार्ड तेच ठेवायचं, पण त्याचं प्लॅस्टिकचं कवच आणि पंखे काढून टाकायचे, हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूच्या पात्यांचा भाग) उघडा ठेवायचा आणि कॅबिनेटच्या तळाला १२० मिमीचे दोन पंखे लावून खालून थेट त्यावर हवा सोडायची. पंखे आणि कवच गेले की जाडीतून साधारण १५ ते २० मिमी कमी होतात. ७८ चे साठ-एक होतात, खाली १५ मिमीचे पंखे, आणि गणित जेमतेम जुळतं. नॉक्टुआचा एनएफ-ए१२×१५ यासाठी चांगला आहे. जमलं तर कार्डाचं तापमान आणि आवाज दोन्ही कमी होतात, कारण १२० मिमीचा पंखा कमी फेऱ्यांमध्ये तेवढीच हवा देतो.

पण या वाटेला लागण्याआधी कवच उतरवून कॅलिपरने मोजा. लांबीतले ते सहा मिलिमीटर प्लॅस्टिकचे असतील तर कवचाबरोबर जातील. धातूच्या पाठपट्टीचे किंवा हीटसिंकचे असतील तर जाणार नाहीत, आणि मग पुढची चौकट कापणं आलंच. वॉरंटी गेली असंच धरून चाला. कार्डावरचं पंख्याचं कनेक्टर नेहमीच्या चार पिनांपेक्षा बारीक असतं. त्याची अडॅप्टर केबल मिळते, आणि ती वापरलीत तर पंख्यांचा वेग कार्ड स्वतः ठरवतं. ती न वापरता पंखे मदरबोर्डाला जोडले तर बायोसला (मदरबोर्डावरच्या मूळ प्रोग्रामला) कार्डाचं तापमान कळत नाही. मग फॅन कंट्रोलसारखा मोफत प्रोग्राम लागतो, आणि एखाद्या दिवशी तो सुरूच झाला नाही तर? म्हणून बायोसमध्ये त्या पंख्यांचा किमान वेग निम्म्याच्या आसपास बांधून ठेवावा. आणखी एक बारीकशी गोष्ट: पंखे आणि हीटसिंकमधल्या फटीला कडेने फोमची पट्टी लावा. नाहीतर हवा हीटसिंकमध्ये न शिरता कडेने निसटते, आणि मग लोक "काही फरक पडला नाही" म्हणून तक्रार करतात.

कार्डाला पाण्याचा ब्लॉक बसवणं ही चौथी वाट मी मुद्दामच वेगळी ठेवलीय. ब्लॉक पातळ असतो, कार्ड एकदम सडपातळ होतं, छायाचित्रं झकास येतात. पण ती उष्णता काढायला रेडिएटर, पंप, पाण्याची टाकी आणि नळ्या त्याच अठरा लिटरमध्ये घालाव्या लागतात, आणि तुम्हाला तर पीसी घेऊन फिरायचं आहे. नको.

बरेच जण काचेचं पॅनेल आणि उभं कार्ड याच्या मोहात पडतात, कारण एनआर२००पीच्या खोक्यात काच आणि रायझर केबल (कार्ड बोर्डापासून दूर, उभं लावण्यासाठीची जोड-केबल) दोन्ही येतात. तुमच्या कार्डाला ती जागाही पुरणार नाही, आणि पातळ कार्ड घेतलंत तरी त्याचे पंखे काचेकडे तोंड करून राहतात. जाळीचंच पॅनेल लावा. रायझर वापरायचाच हट्ट असेल आणि पडदा काळा राहिला, तर आधी बायोसमध्ये पीसीआय एक्स्प्रेसची पिढी हाताने तिसरी करून बघा. एनआर२००पी आलं त्या काळात कॅबिनेटबरोबर येणारे अनेक रायझर तिसऱ्या पिढीचे आहेत आणि चौथ्या पिढीच्या कार्डाबरोबर आपोआप जुळत नाहीत. गेममध्ये त्याने फार फरक पडत नाही.

आता कूलर. एनआर२००पीमध्ये मर्यादा १५५ मिमीची आहे आणि डी१५ १६५चा. दहा मिलिमीटर म्हणजे पॅनेल लागणारच नाही. बाजारात थर्मलराइटचा पीयरलेस असॅसिन १२० एसई बरोबर १५५ मिमीचा आहे, म्हणून लोक तो डोळे झाकून घेतात. तिथे रॅम आडवी येते. पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो. रॅमवर दिव्यांची शोभेची पट्टी असेल तर तिची उंची ४२-४४ मिमी होते, पंखा तेवढा वर सरकवावा लागतो आणि १५५ चे १६० होतात. ३१ ते ३३ मिमीची बुटकी रॅम असेल तरच हे आकडे खरे मानायचे. तुमच्या रॅमची उंची तुम्ही लिहिलेली नाही, ती आधी मोजा.

पण मी तुमच्या जागी असतो तर १५५च्या मागे लागलोच नसतो. ७९५०एक्सचा छापील टीडीपी (उष्णतेचा ठरवलेला आकडा) १७० वॅट असला तरी सॉकेटमधून तो २३० वॅटपर्यंत ओढतो, आणि एवढं वर ढकलून मिळणारा वेग अगदीच थोडा असतो. बायोसमध्ये इको मोड लावून ६५ वॅटचा पर्याय निवडला की ही मर्यादा ८८ वॅटवर येते. प्रोसेसरवर रेंडर केलं तर वेग कमी होईल हे खरं, पण तुमचं रेंडरिंग कार्डावर चालणार, प्रोसेसर तिथे फक्त सीन तयार करून देतो. गेममध्ये तर फरक शोधावा लागेल. ८८ वॅटसाठी डी१५ कशाला? थर्मलराइटचाच १३५ मिमीचा पीयरलेस असॅसिन १२० मिनी किंवा नॉक्टुआचा १२५ मिमीचा एनएच-यू९एस पुरेसा आहे. वर २०-३० मिमी मोकळे राहतात आणि बाजूच्या जाळीतून कूलरला ताजी हवा मिळते. बाजूच्या ब्रॅकेटवर पाण्याच्या कूलरचा २४० किंवा २८० मिमीचा रेडिएटर बसतो हे मला माहीत आहे. तो बसवला की मदरबोर्डासमोरची सगळी जागा भरते, नंतर प्रत्येक केबल त्याच्या मागून घालावी लागते, आणि साधी एसएसडी बदलायची तरी अर्धा पीसी उकलावा लागतो.

एसएमपीएसबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एटीएक्सचा समोरचा चेहरा १५० × ८६ मिमीचा, एनआर२००पीला लागणाऱ्या छोट्या एसएफएक्सचा १२५ × ६३.५ मिमीचा, मध्ये कुठलीही तडजोड नाही. जुना विका, ८५० वॅटचा एसएफएक्स घ्या, त्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलं असावं. त्या मानकात एसएमपीएसने क्षणभरासाठी आपल्या क्षमतेच्या दुप्पट झटका सोसला पाहिजे अशी अट आहे, आणि मोठी कार्डं असे झटके देतात. एसएफएक्स-एल हा ३० मिमी लांब प्रकारही या कॅबिनेटमध्ये चालतो, त्याचा पंखा मोठा आणि शांत असतो, पण ते ३० मिमी केबल मुरडण्याच्या जागेतून जातात. मी साधा १०० मिमीचाच घेतो. आणि एक गोष्ट कृपया कधीच करू नका: जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका. प्लग बसतो म्हणून वायरिंग तेच असेल असं नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळं असू शकतं, आणि चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट गेले की एसएसडी आणि बोर्ड एकदमच जातात.

आता नागपूरचं. कॅबिनेटचे पंखे खोलीपेक्षा थंड हवा आणू शकत नाहीत. परदेशी चाचण्यांत खोली बहुतेक २१ ते २५ अंशांची असते. तुमच्या खोलीत मे महिन्यात ३८ असेल, तर त्या चाचणीतल्या प्रत्येक आकड्यात सरळ १३ ते १७ अंश मिळवायचे. तिथे ७२ अंशांवर शांत चाललेलं कार्ड तुमच्याकडे ८५ ते ८९ वर असेल, पंखे किंचाळत. म्हणून कार्डाची वीज मर्यादा कमी करणं हा तुमच्या बिल्डचा मूळ भागच समजा. ४०९० ची मर्यादा ४५० वॅटवरून सत्तर टक्क्यांवर, म्हणजे ३१५-३२० वर आणली, तरी वेगातली घट बहुधा दहा टक्क्यांच्या आत राहते. आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये एक पट्टी सरकवायची, बस. प्रोसेसर ८८, कार्ड ३२०: मिळून चारशे-एक वॅट. मोकळं सोडलं असतं तर ६८० झाले असते. ही पावणेतीनशे वॅटची उष्णता बाहेर काढण्यापेक्षा ती तयारच न झालेली बरी.

हवेचा मार्ग साधा ठेवा: खालचे पंखे आत, वरचे दोन बाहेर, मागचा ९२ मिमीचाही बाहेर. आजच्या बऱ्याच कार्डांची मागची बाजू उघडी असते आणि तिथून गरम हवा सरळ वर, प्रोसेसरच्या कूलरकडे जाते. वरचे पंखे आत हवा ओढायला लावले तर वरून येणारी आणि खालून वर जाणारी हवा मध्येच अडकते. पाय थोडे उंच करा, टेबल आणि तळाच्या जाळीमध्ये दोन सेंटिमीटर जास्त मिळाले तरी खालच्या पंख्यांचा आवाज बदलतो. आणि विदर्भात घरोघरी असतो तो खसच्या ताट्यांचा कूलर: त्याच्या थेट झोतात पीसी ठेवू नका. हवा थंड लागते हे खरं, पण तिच्याबरोबर पाण्याचे सूक्ष्म थेंब येतात आणि जड पाण्यातले क्षार हीटसिंकच्या पात्यांवर जमतात. खोलीत कूलर चालू द्या, झोत दुसरीकडे वळवा.

काहीही विकत घेण्याआधी किंवा कवच उघडण्याआधी पुठ्ठ्याचं खोटं कार्ड बनवा, खऱ्या मापाचं, ३३६ × १४२ × ७८, आणि त्यावर वीज कनेक्टरच्या जागी ३५ मिमीचा तुकडा चिकटवा. ते एनआर२००पीमध्ये घालून बघा. मी इतकं सांगूनही मनात थोडी आशा उरली असेल, तर ती पाच मिनिटांत मिटेल. आणि पातळ कार्ड निवडताना तोच पुठ्ठा कापून लहान करता येईल.

जोडणीचा क्रम मोठ्या टॉवरपेक्षा वेगळा असतो. प्रोसेसर, कूलर, रॅम आणि एसएसडी बोर्ड बाहेर असतानाच लावून घ्या, आणि बोर्डाच्या मागच्या बाजूलाही एसएसडीची जागा असेल तर ती आत्ताच भरा. नंतर तिथे बोट जात नाही. प्रोसेसरची आठ पिनांची वीज केबल बोर्ड स्क्रू करण्याआधी जागेवर आणून ठेवा. एनआर२००पीच्या सगळ्या बाजू हातानेच निघतात, त्या सगळ्या काढून काम करा. कार्ड शेवटी, पुढचं टोक आधी आत घालून, मग मागचं खाली. वीज कनेक्टर कार्ड आत बसवण्याआधीच लावता येत असेल तर तसंच करा. पूर्ण बसल्याची टिक ऐकू यायला हवी, आणि प्लग व सॉकेट यांच्यात फट दिसता कामा नये. मोबाइलचा टॉर्च मारून बघा.

सगळं चालू झालं की अर्धा तास ब्लेंडरचा जड रेंडर लावा आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये कार्ड, कार्डाची मेमरी (मेमरी जंक्शन) आणि प्रोसेसर यांच्या तापमानाचे तीन आकडे लिहून ठेवा. मग बाजूचं पॅनेल काढून पुन्हा अर्धा तास. पॅनेल काढल्यावर पाच-सहा अंशांपेक्षा जास्त उतरले, तर हवेचा मार्ग अडलाय: पंख्यांची दिशा, जाळीतली धूळ, केबलचा गुंता बघा. पॅनेल काढूनही आकडे जागचे हलले नाहीत, तर कॅबिनेटचा काही दोष नाही. हीटसिंकची ताकद संपलीय, आणि वॅट आणखी खाली आणावे लागतील. ही चाचणी मे महिन्यात करा, डिसेंबरात केलेली चाचणी तुमच्याकडे काही सांगत नाही.

मुक्काम हलवताना, कुठलंही कॅबिनेट असो, कार्ड काढूनच न्या. तुमचं सुप्रिम एक्स जवळपास अडीच किलोचं आहे आणि खड्ड्यांतून जाताना ते सगळं वजन एका प्लॅस्टिकच्या स्लॉटवर येतं. गाडी स्वतःच चालवत असाल आणि कार्ड काढायचा कंटाळा असेल तर निदान कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्ड जमिनीला समांतर आणि कार्ड त्यावर उभं, म्हणजे वजन स्लॉटला मुरडत नाही. कुरिअरने पाठवायचं असेल तर मात्र कार्ड त्याच्या मूळ खोक्यातच जायला हवं.